शिडी किती मीटरची मागायची?

१४ एप्रिलला वाशिम असो, रिसोड असो, कारंजा असो की मंगरूळपीर, बाबासाहेबांची मिरवणूक निघते तेव्हा चौकात एका कडेला लाल गाडी उभी असते. अग्निशमन दलाचा बंब. गर्दीत काही अघटित घडू नये म्हणून तो बंदोबस्ताला असतो, एवढेच आम्हाला वर्षानुवर्षे ठाऊक होते. गाडीजवळच्या जवानाच्या खिशावर एक छोटा कागदी झेंडा टाचलेला असतो, त्याकडे आमचे लक्ष गेले ते अलीकडे. विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आज आमचाही दिवस असतो."

खरे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाईन’ नावाच्या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या स्फोटात शहीद झाले. गोदीतले आणि आसपासचे शेकडो लोक मेले, त्यात हमाल-कामगार किती होते हे सांगायला नको. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. तेव्हापासून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आमच्या मिरवणुकीच्या कडेला उभा असलेला माणूस आपल्या शहिदांची आठवण खिशावर लावून आमची राखण करीत असतो, आणि आम्ही त्याला पाण्याचा ग्लासही विचारत नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण वेगळे आहे. जयंतीनंतरच्या आमच्या एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मागणी मांडली: जिल्ह्याच्या ठिकाणी शिडीची अग्निशमन गाडी पाहिजे. इमारती वर चालल्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, उद्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर आग लागली तर काय करणार? मागणी रास्त होती. निवेदनाचा मसुदा करण्याचे काम नेहमीप्रमाणे वकील म्हणून आमच्या गळ्यात पडले. मसुद्यात ‘… मीटर उंचीची’ असे लिहून जागा कोरी ठेवली आणि विचारले, किती मीटर लिहू? तो म्हणाला, "वकीलसाहेब, मागायचीच तर सत्तर मीटरची मागा ना! मुंबईत तर नव्वद मीटरची आहे म्हणतात."

आहे, मुंबईकडे नव्वद मीटरपर्यंत पोचणारी गाडी आहे. आणि मागण्यात आपण कमी का पडावे, ही त्या पोराची भावना आम्हाला कळते. आजवर आमच्या वाट्याला जे आले ते उरलेले, वापरलेले, दुसऱ्याने टाकलेले. पण त्या कोऱ्या जागेने आम्हाला झोपू दिले नाही. न्यायालयात आकडा लिहिताना तो सिद्ध करावा लागतो, मग निवेदनातला आकडा का सिद्ध करू नये? म्हणून चार लोकांना भेटलो, कागद चाळले, आणि एका रविवारी मोजपट्टी घेऊन वस्तीत हिंडलो. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. आम्ही अभियंते नाही. चुकले तर जाणकारांनी जरूर कान धरावा.

पहिली गोष्ट, शिडीची गाडी एकाच प्रकारची नसते. एक असते टर्न टेबल लॅडर, म्हणजे गोल फिरणाऱ्या चकतीवर बसवलेली, एकात एक सरकणारी लांब शिडी. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या मॅगीरस या अग्निशमन प्रमुखाने १८७२ मध्ये चाकावरची सरकती शिडी बनवली, तिचीच ही आजची वंशज. हिच्या टोकाला पिंजरा असतो, पण पिंजऱ्याखेरीज शिडीवरून माणसे एकामागून एक पायऱ्या उतरून खाली येऊ शकतात. दुसरी असते हायड्रोलिक प्लॅटफॉर्म: कोपरातून वाकणारा मोठा हात आणि त्याच्या टोकाला पिंजरा. हा हात भिंतीवरून, छतावरून पलीकडे वाकून खाली उतरू शकतो, पिंजऱ्यात वजन जास्त पेलतो. मात्र गाडी जड, उभी करायला वेळ जास्त, आणि माणसे पिंजऱ्यातून थोडी थोडीच येतात. दोन्हींचे गुण एकत्र केलेल्या, हातालगत शिडी लावलेल्या गाड्याही मिळतात.

दुसरी गोष्ट मीटरची, आणि इथेच निविदेच्या कागदावर लोकांच्या डोळ्यांत धूळ जाते. तीस मीटरची शिडी तीस मीटरवरच्या खिडकीला लागत नाही. तीस मीटर हा आकडा शिडी जवळजवळ सरळ आकाशाकडे उभी केली तरचा. प्रत्यक्षात गाडी इमारतीला चिकटून उभी राहत नाही. मध्ये कुंपण असते, पोर्च असतो, लिंबाचे झाड असते, दवाखाना असेल तर दुचाक्यांची रांग आणि नातेवाइकांनी पथारी टाकलेली पत्र्याची शेड असते. युरोपात म्हणून या शिडीची ओळखच ‘२३-१२’ अशी दोन आकड्यांत सांगतात: इमारतीपासून १२ मीटर दूर उभी राहून २३ मीटर उंचीवरच्या माणसाला सोडवू शकते ती. तीस मीटरची शिडी म्हणजे साधारण हीच. निवेदनात आणि निविदेत एकच आकडा लिहिणारा एकतर अडाणी असतो किंवा पुरवठादाराचा मित्र. दोन आकडे मागितले पाहिजेत: किती दूर उभे राहून, किती उंच.

आता आमच्या जिल्ह्याचे माप घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेने १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच मानली आहे. म्हणजे पाच मजल्यांच्या आसपास. आमच्याकडे पाच ते सात मजले ही आजची उंची. त्याला २३-१२ची शिडी पुरते. सत्तर मीटरची शिडी म्हणजे वीस मजल्यांची गोष्ट. तशी इमारत वाशिममध्ये उभी राहील तेव्हा राहील. तोवर ती गाडी शेडमध्ये उभी राहून तिच्या हायड्रोलिक तेलाच्या नळ्या सुकतील आणि दरवर्षीच्या देखभालीचे बिल मात्र न सुकता येत राहील.

पण उंचीपेक्षा मोठा प्रश्न रुंदीचा निघाला. मोठ्या शिडीची गाडी चार एक्सलची, पस्तीस-चाळीस टनांच्या घरातली असते. संहिता म्हणते, उंच इमारतीभोवती सहा मीटर रुंदीचा, ४५ टनांपर्यंतची अग्निशमन गाडी पेलणारा पक्का रस्ता हवा आणि वळायला नऊ मीटर त्रिज्येची जागा हवी. शिडी उचलण्याआधी गाडी दोन्ही बाजूंना चार पाय बाहेर काढून जमिनीवर रोवते. ते पाय नालीवरच्या झाकणावर पडले तर गाडीच कलंडेल. वर विजेच्या तारा असतील तर शिडी फिरवताच येत नाही. आमच्या शहरांतल्या बाजारपेठेचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी डोळे मिटून आठवावे: टपऱ्या, हातगाड्या, लोंबत्या तारा, आणि फलकांवर फलक. (त्या फलकांत आमच्या जयंतीचे फलकही असतात. हेही लिहिलेच पाहिजे.)

मग आम्ही वस्तीत गेलो. नाव लिहीत नाही, कारण अशी वस्ती प्रत्येक तालुक्यात आहे. साधा पाण्याचा बंब सुमारे अडीच मीटर रुंद, म्हणजे सव्वाआठ फूट. गल्लीत पट्टी धरली: तोंडाशी नऊ फूट, पुढे सात, समाजमंदिराच्या मागे साडेपाच. दलित वस्ती सुधार योजनेचा सिमेंट रस्ता आहे, पण तो मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उघड्या नाल्या. एक म्हातारी ओट्यावर बसून आमचे मोजमाप बघत होती. म्हणाली, "कायचं मोजता बाबू? आमच्या घरापरेंत त हातगाडी बी मुश्किलीनं येते." मागे एका उन्हाळ्यात याच गल्लीच्या टोकाला सिलिंडरचा भडका उडून तीन घरे जळाली होती. बंब आला, वेळेवर आला, आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पाइप जोडत जोडत आत नेईपर्यंत पोरांनी बादल्यांनी जे वाचवायचे ते वाचवले. पंचनाम्यात ‘अग्निशमन वाहन घटनास्थळी दाखल’ असे लिहिले गेले. नुकसानभरपाईच्या अर्जाला आम्ही तो पंचनामा जोडला तेव्हा ते वाक्य वाचून हसावे की रडावे कळेना. वाहन दाखल होते, घटनास्थळ दोनशे फूट पुढे होते.

त्या दिवशी मनात आले की शिडी-बिडी सगळे सोडा, आमच्या लोकांना लहान गाडी मागा. तंग गल्लीत शिरणारी, पाण्याचा फवारा मारणारी छोटी जीप, मोटारसायकलवर बसवलेला फवारा, शंभर-शंभर फुटांचे जादा होज पाइप, आणि वस्तीच्या चौकात पाइप जोडता येईल असा नळ. शिडी ही माडीवाल्यांची, बादली आमची, असा मथळासुद्धा सुचला होता. टाळ्या मिळाल्या असत्या.

पण तो मथळा खोटा ठरला असता. कारण आमचा माणूस माडीवर राहत नसला तरी आजारी पडल्यावर तो माडीवरच जातो. खासगी दवाखान्यात ज्याला परवडत नाही तो शासकीय रुग्णालयाच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, वॉर्डात, कधी जमिनीवर गादी टाकून पडलेला असतो. त्याच्या नाकात नळी असते, पाय प्लास्टरमध्ये असतो, बाईचे सिझेरियन झालेले असते. आग लागल्यावर जिन्याने पळा हे त्याला सांगून उपयोग नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या कामगार विमा रुग्णालयाला आग लागली, तेव्हा धुराने भरलेल्या मजल्यांवरून रुग्णांना शिड्या लावून खाली आणावे लागले. आठहून अधिक जीव गेले, आणि ते रुग्णालय नावाप्रमाणे कामगारांचेच होते. त्यानंतर २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली. नऊ मजली इमारत, लोक गच्चीवर आणि खिडक्यांत अडकलेले. शिड्यांच्या गाड्यांनी ८४ जण सुखरूप उतरवले. शिडी म्हणजे चैन नव्हे, हे त्या ८४ जणांना विचारावे.

वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाच्या इमारती वर जाणार, आणि त्यांच्या वॉर्डात मानोऱ्याच्या तांड्यावरचा, मालेगावच्या शेतमजुराचा, आमच्या वस्तीतला माणूस असणार. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले त्यात आम्ही आहोत. मागासलेपणाचा शिक्का आहे, तर निदान रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत शिडी तरी असू द्या.

तरीही शिडी सगळे करील असे समजू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. तिथे शिडीचा प्रश्न नव्हता. तिथे धूर वेळेत कळण्याचा, कक्षात माणूस हजर असण्याचा, यंत्रे आणि वायरिंग तपासलेली असण्याचा प्रश्न होता. शिडी ही शेवटची पायरी. तिच्याआधीच्या पायऱ्या कायद्यात लिहिलेल्या आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा राज्यात लागू झाला तो ६ डिसेंबर २००८ रोजी. तारीख पुन्हा आमचीच! त्या कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. शासकीय इमारत आहे म्हणून शासनाला यातून आपोआप सूट मिळते असे कुणी समजू नये.

लंडनचा दाखला आठवतो. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची इमारत जळाली, ७२ माणसे गेली. राहणारे बहुतेक कष्टकरी, स्थलांतरित, काळे-सावळे. रहिवाशांच्या गटाने आगीच्या धोक्याबद्दल आधीच लेखी इशारे दिले होते, कुणी ऐकले नाही. लंडनच्या दलाकडे तेव्हा सर्वांत उंच शिडी ३२ मीटरची होती, शेजारच्या सरे परगण्यातून ४२ मीटरची मागवावी लागली. नंतर लंडनने ६४ मीटरच्या शिड्या घेतल्या. परंतु चौकशीत मुख्य गुन्हेगार ठरले ते इमारतीला बाहेरून लावलेले ज्वालाग्राही आवरण. शिडी वाढवली हे ठीकच, पण भिंतीला काय चिकटवले आहे हे बघणारा कोण?

पाण्याचा हिशेब तर कुणी करतच नाही. शिडीच्या टोकावरचा फवारा मिनिटाला दोन हजार लिटर किंवा त्याहून अधिक पाणी फेकतो. साडेचार हजार लिटरचा बंब तिला सव्वादोन मिनिटे पुरतो. पुढे काय? टँकरची रांग, नाहीतर रुग्णालयाच्या आवारात आगीसाठी राखीव टाकी. आमच्या वाशिम शहराची तहान एकबुर्जी प्रकल्पावर, कारंज्याची अडाणवर. मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे घराघरातल्या बायांना विचारा. म्हणून शिडीच्या मागणीला आम्ही राखीव टाकीची मागणी गाठ मारून जोडली आहे. एक मिळून दुसरी नाही मिळाली तर पहिली शोभेची.

आणि ती गाडी चालवणार कोण? हे काम ट्रकचालकाचे नाही. वारा किती, उतार किती, पिंजऱ्यात वजन किती, तारा किती दूर, हे सगळे बघत शिडी फिरवणारा प्रशिक्षित ऑपरेटर लागतो, तोही तिन्ही पाळ्यांत, म्हणजे रजा-आजार धरून चार-पाच माणसे. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आमच्याच विदर्भात, नागपुरात आहे; १९५६ मध्ये ते रामपूरला स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी नागपूरला आले. दीक्षाभूमीच्या गावी हे शिक्षण मिळते आणि आमची किती पोरे तिथपर्यंत पोचतात? पोचली तरी नोकरी कुठली? पदे रिक्त ठेवायची, कंत्राटदाराकडून माणसे घ्यायची, म्हणजे आरक्षणाचा प्रश्नच मिटला! शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला होता, तो विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. कागद मागे गेला, वृत्ती गेली नाही. कोट्यवधींच्या शिडीवर महिन्याच्या कंत्राटावरचा, विम्याविना राबणारा पोरगा चढवणे हे आम्हाला मान्य नाही. गोदीतल्या ६६ जणांच्या नावाने झेंडा टाचायचा आणि त्यांच्या वारसांना ठेकेदाराच्या हाती द्यायचे, असे चालणार नाही.

खेड्यांबद्दल थोडे. आमचा जिल्हा सुमारे ४,९०० चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०, आणि त्यातले बहुतेक खेड्यात. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, असे देशपातळीवरचे प्रमाण आहे. सोयाबीनची सुडी पेटली, कुटाराच्या ढिगाला ठिणगी लागली, गोठा पेटला, तर नगर परिषदेच्या गावाहून वीस मिनिटांत बंब येतो असा अनुभव सांगणारा शेतकरी आम्हाला अजून भेटायचा आहे. समृद्धी महामार्गही आमच्याच जिल्ह्यातून जातो. १ जुलै २०२३ रोजी, नेमका आमच्या जिल्ह्याच्या वर्धापनदिनी, शेजारच्या बुलडाण्यात सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. तिथे शिडी नव्हे, पत्रा कापणारी कटर आणि जवळचे ठाणे लागते. म्हणून एकट्या शिडीची मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणे म्हणजे एका वॉर्डाचा विचार करून जिल्ह्याचे निवेदन देणे होय.

पैसा नाही, हे उत्तर मिळणारच. त्याला कायद्याचे उत्तर तयार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा घातली आहे. अनुच्छेद २४३-डब्ल्यू ‘देता येतील’ असे म्हणतो, बंधन घालत नाही, हा युक्तिवाद सरकारी वकील करतील. करू द्या. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगर परिषद अधिनियमात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचे रक्षण हे नगर परिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटींची योजना आणली होती. महाराष्ट्रासारख्या राज्याने त्यात २५ टक्के वाटा घालायचा होता. त्यातले वाशिमच्या वाट्याला काय आले, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखे आहे, आणि आम्ही विचारले आहे.

तर मसुदा आता असा झाला आहे. कोऱ्या जागेत आम्ही सत्तर लिहिले नाही. ‘१२ मीटर अंतरावरून २३ मीटर उंचीपर्यंत सुटका करणारी, दोन एक्सलची, पिंजऱ्यात स्ट्रेचर बसणारी टर्न टेबल शिडी’ असे लिहिले. त्याआधी रुग्णालयाच्या आवारात राखीव टाकी व सहा मीटरचा मोकळा रस्ता, त्याआधी नियमित पदांवर प्रशिक्षित ऑपरेटर, आणि त्याही आधी, पहिल्या क्रमांकावर, प्रत्येक तालुक्यासाठी गल्लीत शिरणारी छोटी गाडी व जादा पाइप. मागणी मांडणारा तो तरुण सुरुवातीला नाराज झाला. "क्रमांक उलटा लावला साहेब तुम्ही," म्हणाला. मग त्याच्याच हातात पट्टी दिली आणि त्याच्याच गल्लीत पाठवला. तो संध्याकाळी वहीत मापे लिहून घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या घरासमोर सहा फूट दोन इंच भरले.

निवेदनाला सहा तालुक्यांतल्या वस्त्यांची अशी मापे जोडायची आहेत. गल्लीची रुंदी, वरच्या तारांची उंची, जवळच्या पाण्याचे अंतर, एवढे तीन रकाने. वाशिम आणि मंगरूळपीरची पाने आली आहेत. रिसोड, मालेगाव, कारंजा, मानोऱ्याच्या कार्यकर्त्यांनी या रविवारी पट्टी घेऊन बाहेर पडावे. जुलैचा नमुना ‘ब’ कोणत्या शासकीय इमारतींनी भरला, त्याची यादी मागणारा अर्ज आम्ही स्वतः दाखल करू.